नौपाड्यातला कवितेचा क्लास: १८०० रुपयांत काय मिळतं आणि काय नाही

आधी निकाल, कारण अर्धे लोक पहिल्या चार ओळी वाचून निघून जातात. जा, पैसे वसूल आहेत, पण सगळे रविवार सारखे नाहीत. वृत्त-छंद शिकवणाऱ्या सरांचे रविवार एकदम फर्स्टक्लास, अलंकारवाल्या मॅडमचे रविवार म्हणजे दहावीचं गाईड, आणि मुक्तछंदाचं जे एकच सेशन झालं ते झालंच नसतं तरी काही बिघडलं नसतं.

नाव मुद्दाम देत नाहीये. खाली थोडं टोचणारं पण लिहिलंय आणि ही काही मोठी कंपनी नाही, चारपाच हौशी माणसं मिळून हॉल भाड्याने घेऊन चालवतात. गोखले रोडच्या आसपास राहणाऱ्यांना लगेच कळेल कुठला ते. बाकीच्यांनी ठाण्यातल्या कुठल्याही कविता वाचणाऱ्या माणसाला विचारा, सांगेल.

तर प्रकार असा आहे की 'कविता कशी वाचावी' या नावाने रसग्रहणाचा वर्ग असतो, दर रविवारी सकाळी, साधारण दोन महिने, फी १८०० रुपये, त्यात एक फाईल, झेरॉक्स आणि अर्धा कप चहा. कविता करायला शिकवत नाहीत, हे आधीच सांगते, कारण आमच्या बॅचमध्ये दोघं-तिघं स्वतःच्या वह्या घेऊन आले होते आणि मग हिरमुसून बसले. इथे फक्त दुसऱ्यांच्या कविता वाचायच्या आणि ती कविता आपल्याला जे वाटायला लावते ते नेमकं कुठून करते हे शोधायचं. मी गेले कारण मला कविता आवडतात पण का आवडली विचारलं की 'छान आहे, मनाला भिडली' याच्यापुढे गाडी जात नाही. दिवसभर महापेला अकाउंट्समध्ये बसते, तिथे कोणी विचारतही नाही म्हणा.

सरांचा एक नियम आहे, पहिला अर्धा तास अर्थ बोलायचा नाही. अजिबात नाही. 'कवीला इथे असं म्हणायचंय' हे वाक्य कोणी सुरू केलं की सर हात वर करतात, थांबा. आधी मोठ्याने वाचा, मग मोजा, मग बोला. सुरुवात मनाच्या श्लोकांपासून, म्हणजे सगळ्यांना पाठ असलेलंच. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हे म्हणत हॉलमध्ये चालायला लावलं, अक्षरशः, साठीच्या काकांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे गोल गोल चालतायत. भुजंगप्रयात वृत्त, बारा अक्षरं, लघु गुरु गुरु (लघु म्हणजे हलकं अक्षर, गुरु म्हणजे जड) असा तुकडा चार वेळा. शाळेत यमाताराजभान (तीन-तीन अक्षरांचे गण लक्षात ठेवायचं सूत्र) घोकलं होतं तेव्हा य गण, म्हणजे हाच लघु गुरु गुरु, नुसता मार्कांचा विषय होता, इथे पाय उचलला की कळतं की प्रत्येक तुकडा हलका सुरू होतो आणि मग दोन जड पावलं टाकतो, थांबायला जागाच देत नाही. आणि रामदासांना मनाला तेच करायचंय ना, हाताला धरून चालवायचंय. २०५ श्लोक एकाच चालीत आहेत, त्या रटाळपणाचाच उपयोग करून घेतलाय. लग्नात मंगलाष्टकं ऐकताना आपण सगळे शार्दूलविक्रीडित ऐकत असतो, एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर श्वास, पण कोणाचं लक्ष असतं, आपण अक्षता कुठे पडतायत ते बघत असतो.

मग वर्गीकरण झालं थोडं. अक्षरं मोजायची तो छंद, मात्रा (लघुची एक, गुरूच्या दोन) मोजायच्या ती जाती, आणि लघु-गुरूचा क्रमच ठरलेला ते वृत्त. हे माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'तलं, सरांनी ग्रंथसंग्रहालयातून (आपलं ठाण्यातलं, १८९३ पासूनचं) काढलेली जुनी प्रत आणली होती, पानं हाताळायला भीती वाटेल अशी. हा भाग सर भराभर उरकतात आणि ते बरंच करतात.

खरी मजा पुढे. सरांची एक युक्ती आहे, तिला ते काही भारी नाव देत नाहीत, नुसतं म्हणतात 'बदलून बघा'. ओळीतला एक शब्द काढायचा, त्याच मापाचा दुसरा घालायचा, अर्थ जवळजवळ तोच ठेवायचा आणि परत मोठ्याने वाचायचं. जे मोडलं ते तंत्र. बास. मला वाटतं सगळ्या क्लासचे पैसे या एका गोष्टीत वसूल होतात.

उदाहरण देते. तुकोबांचा अभंग, 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया'. मोजा. सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, विटेवरी-कटावरी, आणि चौथा चरण दोन अक्षरं कमी आणि यमकाशिवाय. म्हणजे तीन वेळा तुमच्या कानाला सहाची सवय लावली आणि चौथ्यांदा जमीन काढून घेतली. म्हणताना तिथे आवाज आपोआप लांबतो, ठेवोनियाऽऽ, टाळ-मृदंग ती मोकळी जागा भरतात. आता बदला. 'कर कटावरी ठेविले हे'. चारच अक्षरं, अर्थ तोच, विठ्ठलाने हात कमरेवर ठेवलेत. पण वाक्य संपलं! बातमी दिली आणि गेले. मूळ 'ठेवोनिया'मध्ये वाक्य पुरं होतच नाही, हात ठेवून... पुढे काय? पुढे काही नाही, तो उभाच आहे. आखूड चरण आणि अर्धवट क्रियापद दोन्ही एकाच जागी आणून ठेवलंय. मी हा अभंग लहानपणापासून ऐकतेय, घरी सकाळी रेडिओवर लागायचा, आणि कधी लक्षातच आलं नाही की ते उभं राहणं आपल्याला व्याकरणातून ऐकू येतंय.

कोणीतरी लगेच पुढची ओळ मोजली, 'तुळसीहार गळां' सात भरतात, 'आवडे निरंतर' पण सात. सर हसले, म्हणाले अभंग म्हणायचा असतो, ऑडिट नाही करायचं. माझ्याकडे बघून का म्हणाले माहीत नाही.

आमच्यात कळव्याच्या एक आजी होत्या, शाळा चौथीपर्यंत, फाईल उघडायच्याही नाहीत. ओवीच्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, ओवीचे पहिले तीन चरण यमकाचे, चौथा आखूड आणि मोकळा. आजी म्हणाल्या, "अहो सर, जात्यावर बसलं की वैरण घालायला हात जातो ना, तिथे थांबते ओवी." (वैरण म्हणजे जात्यात टाकायची धान्याची मूठ.) सगळा हॉल गप्प. मग त्यांना म्हणायला लावलं, आढेवेढे घेतले पण म्हटलं, आणि खरंच, ऐकताना चौथ्या चरणापाशी हात उचलल्यासारखाच व्हायचा त्यांचा, दळायला जातं नव्हतं तरी. असे लोक या क्लासला येतात, हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

त्यानंतर बहिणाबाई आल्या ते बरोबरच होतं. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर'. आठ-आठ अक्षरं. आता बघा, हाकललं तरी ढोर परत येतं हा अर्थ आहे, आणि ओळीत काय होतं? 'वढाय' परत येतं, 'हाकला' परत येतं, आणि 'पिकातलं' म्हणून गेलेलं पीक 'पिकांवर' होऊन परत येतं. जे सांगितलंय तेच केलंय. बदलून बघा, 'किती हाकलले तरी, फिरी येतं पिकांवर'. अक्षरं आठच, अर्थ तोच, उलट जरा जास्तच स्पष्ट. पण ढोर गेलं! 'तरी' आल्यामुळे ते विधान झालं. मूळ ओळीत म्हणताना दुसऱ्या 'हाकला'ला आपल्या आवाजात एक कंटाळा येतो, तो कंटाळाच कविता आहे. या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने उतरून घेतली, अत्र्यांनी वाचल्यावर उचलून धरली आणि पुस्तक आलं १९५२ ला, त्यांच्या जाण्यानंतर. तेव्हा तंत्र म्हणजे पुस्तकातून आणून कवितेला डकवलेली गोष्ट असं ज्यांना वाटतं त्यांनी या रविवारी तरी बसाच.

आता तक्रार. झेरॉक्स. अहो इतका सुंदर क्लास आणि फाईलमध्ये दिलेल्या कविता कोणीतरी नेटवरून उचलून आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे 'सुधारून' टाईप केलेल्या. मात्रा शिकवायच्या आणि मात्राच मोडलेलं छापून द्यायचं. बालकवींची 'औदुंबर' घेतली होती, 'ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन'. फाईलमध्ये छापलंय 'घेऊन'. मूळ ओळ मोजली तर आठ, आठ, आठ आणि शेवटी दोन मात्रा, अशी चालते. 'घेऊन' केलं की एक मात्रा जास्त, ओळीचा पाय लटकतो. वीस मिनिटं आम्ही सगळे सत्तावीस का येतायत म्हणून बोटं मोडत बसलो, मग सरांनी स्वतःच्या वहीतून वाचून दाखवलं तेव्हा उलगडा झाला. मर्ढेकरांच्या कवितेतही तेच, 'उंदिर'चं 'उंदीर' करून ठेवलं होतं. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट कवीला असते, ही सूट टायपिस्टने परस्पर रद्द केली. आयोजकांना सांगितलं, ते म्हणाले "हो हो पुढच्या वेळी", पुढच्या रविवारी तीच फाईल.

पण 'औदुंबर'चं सेशन मात्र, काय सांगू. आठ ओळींची कविता. सरांनी सांगितलं फक्त रंगांखाली रेघ मारा. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह, काळिमा. म्हणजे सुरुवातीला सगळं हिरवंगार आणि शेवटाकडे येईपर्यंत काळं, आणि शेवटच्या ओळीत रंगच नाही, नुसतं झाड. मग क्रियापदांखाली रेघ. झरा वाहतो, वाट अडवीतिडवी पडते आणि काळ्या डोहाकडे चालली, काळिमा पसरतो, सगळं हलतंय. आणि मग एकदम 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. बसला. आठ ओळींत दुःख हा शब्द नाही, उदास नाही, मी सुद्धा नाही. तरी वाचून झाल्यावर पोटात काहीतरी होतं ते याच्यामुळे, की सात ओळी हललेलं चित्र आठव्या ओळीत बसतं.

इथे पण बदलून बघितलं. 'बसला'च्या जागी 'दिसला', मापात एकदम फिट, मात्रा तेवढ्याच. 'पाय टाकुनी जळांत दिसला असला औदुंबर'. आणि झालं काय, तर कविता बघणारा एक माणूस मध्येच येऊन उभा राहिला! दिसला म्हणजे कोणालातरी दिसला. मूळ कवितेत कोणीच नाहीये, ते एकटेपण एका अक्षराने गेलं. हे जेव्हा बॅचमधल्या एका कॉलेजच्या मुलीच्या लक्षात आलं आणि ती जवळजवळ ओरडलीच, "सर, माणूस आला!", तेव्हा मला वाटलं, चला, फी वसूल.

एका काकांनी मुद्दा काढला की बालकवी रेल्वे अपघातात गेले, १९१८ ला, जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते, म्हणून डोह काळा. सरांनी शांतपणे सांगितलं, ते खरंच आहे हो, पण कविता आधीची आहे, डोहाला गाडी यायची माहीत नव्हती. कवीचं चरित्र घेऊन कवितेचं कुलूप उघडायची आपल्याकडे फार खोड आहे, मला तरी हे ऐकून बरं वाटलं.

मर्ढेकरांच्या दिवशी थोडी नाराजी होती, 'रविवारी सकाळी उंदीर कशाला' वगैरे. 'पिपात मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण'. सोळा मात्रा, आठ-आठ, अगदी मऊ चाल, याच चालीत तुम्ही बाळाला झोपवू शकता. (पडल्यातला 'ड' गुरू धरला तर मात्रा वाढतात, पण 'ल्या'चा तिथे आघात येत नाही म्हणून तो लघुच, हे बारकावे सर छान सांगतात, लिहून घ्या.) आता 'ओल्या' हे पिपाचं विशेषण, ते तिथून उचलून उंदिरापाशी नेऊन ठेवलंय. व्याकरण सांगतं पीप ओलं, कान ऐकतो उंदीर ओले. बदलून बघा, 'ओल्या पिपात मेले उंदिर'. मात्रा सोळाच! शब्द तेच, एकही बदलला नाही, नुसती जागा बदलली. आणि ती आता सोसायटीच्या ग्रुपवर वॉचमनने टाकलेली सूचना झाली. मूळ ओळीत वाक्यच मुरगळलंय, उंदरांच्या माना न मुरगळताच पडल्यात, पण ओळीची मान मुरगळलेली आहे. त्याच्या पुढे लगेच 'ओठांवरती ओठ मिळाले', एखाद्या प्रेमकवितेत शोभेल अशी ओळ, आणि परत 'माना पडल्या', या वेळी शेपूट वेगळं, 'आसक्तीविण'. नाराज काका सगळ्यात जास्त वेळ थांबले त्या दिवशी.

शब्दशक्ती पण सरांनीच घेतली आणि तिथे मी खूप हसले. अभिधा, लक्षणा, व्यंजना हे ऐकलं की लोक पळतात. संस्कृतात याचं ठरलेलं उदाहरण आहे, गंगेवर गवळीवाडा. सरांनी ते ठाण्यात आणलं, इथे मासुंदा तळ्यालाच तलावपाळी म्हणतात: 'आमचा फ्लॅट तलावपाळीवर आहे'. अभिधेने घेतलं तर फ्लॅट पाण्यावर तरंगायला पाहिजे. लक्षणेने घेतलं तर तळ्याच्या काठी. आणि व्यंजनेने? व्यंजनेने समोरच्याला कळतं की याच्याकडे किती पैसे आहेत, आणि ते वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून आनंदवर्धनाने हाच मुद्दा लावून धरला की कवितेचा जीव या तिसऱ्या अर्थात, ध्वनीत आहे. आणि मग परत 'औदुंबर'कडे नेलं, 'गोड काळिमा'. काळिमा गोड कसा? तिथे सरळ अर्थ अडतो आणि आपण आत शिरतो.

आता मॅडम. मॅडम अभ्यासू आहेत, यात वादच नाही, आवाज छान आहे. पण पीपीटी. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, व्यतिरेक, अनन्वय, चेतनगुणोक्ती, एकेक स्लाईड, व्याख्या, उदाहरण, पुढची स्लाईड. तोच औदुंबर परत आला, 'पाय टाकुनी बसला' खाली लाल अक्षरात 'चेतनगुणोक्ती', टिक. मी विचारलं, "मॅडम, पण झाडाला माणसासारखं बसवल्यामुळे कवितेत काय झालं?" तर म्हणाल्या "निर्जीव वस्तूला सजीवाप्रमाणे वागवलं की चेतनगुणोक्ती होते." अहो ते कळलं. शिवाय झाड निर्जीव कधीपासून झालं? प्रश्न तो नव्हताच. आजाराचं नाव सांगितलं म्हणजे औषध दिलं असं नाही होत ना. आदल्याच रविवारी आम्ही एक शब्द हलवून अख्खी कविता कशी बदलते ते बघितलेलं, त्याच्यानंतर हे फार फिकं वाटतं. त्यांचा दोष नाही पूर्ण, अलंकार आपण सगळेच असे शिकलोय, ओळखा आणि दोन मार्क घ्या. पण मग त्यासाठी १८०० रुपये आणि रविवारची झोप का घालवायची.

मुक्तछंदाला एक तरुण कवी पाहुणे म्हणून बोलावले होते. स्वतःच्या कविता वाचल्या, चांगल्या होत्या काही, आणि मग प्रश्नोत्तरांत म्हणाले की मुक्तछंदात तंत्र वगैरे काही नसतं, आतून येतं. इथे मला राग आला, खरंच. कवी अनिलांनी मुक्तछंदाचा मार्ग धरला तेव्हा काय कानाला सुट्टी दिली होती का? नारायण सुर्व्यांची 'दोन दिवस' बहुतेकांनी शाळेपासून ऐकलेली असते, त्यात 'दोन' हा आकडा सुरुवातीलाच दोनदा येतो आणि शेवटी तीच ओळ परत येते, गरीब माणूस बोटावर हिशोब करतो तसा, इथे दोन गेले, तिथे दोन गेले. ती पुनरुक्ती हे तंत्र नाही तर काय आहे? मात्रा मोजत नाही, पण ओळ कुठे तोडायची हे कोणीतरी ठरवलेलंच असतं ना. तीच कविता सलग परिच्छेद करून लिहा आणि वाचा, श्वास कुठे अडत होता ते लगेच कळेल. म्हणजे सरांची 'बदलून बघा' युक्ती इथे सगळ्यात जास्त कामाची होती आणि नेमकी इथेच कोणी वापरली नाही. १९६० नंतरची मराठी कविता, ढसाळ, कोलटकर, एवढा मोठा ऐवज, तो एका सेशनमध्ये 'आतून येतं' म्हणून गुंडाळून टाकला. आजकाल जो कोणी कविता लिहितो तो बहुतेक मुक्तछंदातच लिहितो, मग वाचकाला त्याचीच हत्यारं द्यायला नकोत? गझलेला पण वेळ मिळाला नाही, काफिया-रदीफ-अलामत (गझलेच्या यमकाची नावं) एवढं फळ्यावर लिहून पुसलं.

दहावीच्या पालकांसाठी, कारण हा प्रश्न मला आमच्या बिल्डिंगमध्ये रोज कोणीतरी विचारतं. मार्कांसाठी पाठवू नका. पेपरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे ठरलेले कप्पे असतात आणि गाईडमधली वाक्यं त्यात बरोब्बर बसतात, 'कवीने साध्या सोप्या भाषेत' वगैरे. माझ्या मुलाने एकदा स्वतःच्या मनाने लिहिलं की दुसऱ्या कडव्यात ओळी आखूड होतात म्हणून धाप लागल्यासारखं वाटतं. बाईंनी शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मार्क कापले नाहीत, पण दिलेही नाहीत. मी ते वाक्य वाचून दोन दिवस खुशीत होते हा भाग वेगळा. मुलाला आवड असेल तर सरांच्या रविवारी घेऊन या, लहानांना मागे बसू देतात, पैसे घेत नाहीत.

सोयी-गैरसोयी: हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आजींना दोघांनी धरून आणावं लागायचं. पंखे चालू केले की मागे ऐकू येत नाही, बंद केले की घाम, आणि इथे ऐकणं हाच विषय आहे तेव्हा एक साधा माईक घ्यायला हरकत नव्हती. पार्किंगचं नाव काढू नका, नौपाड्यात रविवारीसुद्धा मिळत नाही. मी ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने यायचे, नऊ-दहा नंबरवर उतरून पूल चढून पश्चिमेला, तिथून चालत. मेगाब्लॉक असला की बस, आणि मग पहिल्या कवितेला उशीर, सर उशिरा आलेल्याला काही बोलत नाहीत, नुसती चालू ओळ वाचायला लावतात. चहा गोड मिट्ट. व्हॉट्सॲप ग्रुपला पहिल्याच दिवशी म्यूट करा, तिथे सुप्रभात आणि कुणाच्याही नावावर खपवलेल्या कविता येतात, एकदा तर पु.लं.च्या नावाने अशी काही कविता फिरली की सरांनी फक्त 'मात्रा मोजा' एवढं लिहिलं. एक रविवार धो धो पावसात रद्द झाला, तो नंतर भरून दिला नाही आणि पैशाचंही कोणी काढलं नाही. रक्कम छोटी आहे पण सांगायला हवं होतं.

जाताना काय न्याल, तर छापील पुस्तक न्या. फाईल तिथेच ठेवली तरी चालेल. ज्या कविता घेणार त्यांची यादी आधी मागून घ्या, देतात, आणि लायब्ररीतून जुनी आवृत्ती काढा. पेन्सिल न्या, पेन नको, मात्रा खोडाव्या लागतात. आणि मोठ्याने वाचायची लाज असेल तर पहिल्याच रविवारी ती मोडेल याची तयारी ठेवा, सर कोणालाही सोडत नाहीत, मी ऑफिसात प्रेझेंटेशनला इतकी घाबरत नाही.

माझ्याकडून पाचात साडेतीन. सरांना वेगळे मार्क द्यायची सोय असती तर पूर्ण पाच दिले असते. जानेवारीत नुसत्या ओवी-अभंगाची छोटी बॅच काढणार म्हणतात, कळव्याच्या आजींना त्यात शिकवायला बसवणार आहेत असं ऐकलं. त्याचे पैसे मी भरून टाकलेत.